बाटल्या धुण्यापासून



ब्युमॉन्ट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना हॉस्पिटलच आठवते. कुणी तिथे नोकरीला आहे, कुणी सासऱ्यांच्या छातीत दुखले म्हणून अर्ध्या रात्री तिथे धावत गेले आहे, तर कुणी रोज बसमधून नुसतेच त्याच्यावरून जाते. जर्व्हिस स्ट्रीट आणि रिचमंड ही शहरातली दोन जुनी हॉस्पिटले बंद झाली आणि त्यांच्या जागी १९८७ साली हे उघडले. मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी आणि मूत्रपिंडाच्या रोपणासाठी साऱ्या देशातून रुग्ण इथे येतात, हे आपल्याला माहीत असते. पण त्याच आवारात रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची शिक्षण आणि संशोधनाची इमारत आहे आणि तिथे विशी-पंचविशीतली मुले मोठमोठ्या डॉक्टरांच्या आणि शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम शिकत असतात, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आमचेही गेले नव्हते. ते गेले आपल्या मंडळातल्या एका मुलीमुळे.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. तिळगूळ वाटून झाला होता, चहाची दुसरी फेरी चालू होती. ही मुलगी इथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला आम्ही सहज विचारले, "काय गं, उन्हाळ्याच्या सुट्टीत काय बेत?"

"काका, एका लॅबमध्ये जाणारेय. आठ आठवडे."

"वा! पगार किती?"

"पगार नाही. बसचे पैसे देतील बहुतेक."

"आणि काम काय?"

"सुरुवातीला बाटल्या धुवायच्या."

यावर आम्ही जे बोललो ते आज लिहिताना बरे वाटत नाही. "अगं, बाटल्या घरी काय कमी आहेत? आधी मेडिसिनच्या प्रवेशाचं बघ," असे आम्ही म्हणालो आणि शेजारची चार माणसे हसली. तिचे वडील तिळाची वडी हातात घेऊन उभे होते, तेही हसले. मागच्या उन्हाळ्यात ती सुपरमार्केटात गल्ल्यावर बसली होती आणि तिने पुण्याच्या तिकिटाचे पैसे स्वतः जमवले होते, हे त्यांनी वर सांगितले. मुलगी काही बोलली नाही. कप उचलून स्वयंपाकघराकडे गेली.

हा लेख त्या हसण्याची भरपाई म्हणून लिहीत आहोत. त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही थोडे वाचले, चार जाणत्यांना विचारले, आणि त्या मुलीकडूनही पुष्कळ शिकलो. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, नाव न घालता, तिची हकिगत इथे देत आहोत.

दार उघडण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे ही लॅब तिला सहज मिळाली नव्हती. तिने एकूण सतरा प्राध्यापकांना ई-मेल लिहिली होती. अकरांकडून काहीच उत्तर आले नाही, पाच जणांनी जागा नसल्याचे कळवले, आणि एका बाईंनी लिहिले की येऊन भेट. सतरातून एक! आम्ही तिला विचारले, वाईट नाही वाटले? ती म्हणाली, "काका, त्यांना रोज शंभर येत असतील."

आम्हाला एकदम आठवण झाली ती कमला भागवत यांची. दुर्गाबाई भागवत आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. कमला ही त्यांची धाकटी बहीण. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी झाल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, तेव्हा प्रवेश मिळणारच असे घरी सगळ्यांनी धरून चालले होते. पण संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वीच नोबेल पारितोषिक मिळालेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि थेट रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून धरणार नाही. संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला मान्यता नाही. आणि तिच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! त्यांनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात त्यांनी तो जाहीरपणे बोलूनही दाखवला.

त्याच संस्थेत त्यांना गुरू भेटले श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. म्हणजे आपल्या रोजच्या वरणात आणि उसळीत काय आहे, यावर. वर्षभराने रामन यांची खात्री पटली आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. जीवरसायनशास्त्राच्या त्या विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले. जागेची इतकी टंचाई होती की डॉ. डेरेक रिश्टर यांनी त्यांना आपले एक जादा टेबल दिले. दिवसा त्यावर कमलाबाई काम करणार आणि रात्री त्याच टेबलावर डॉ. रिश्टर झोपणार, अशी वाटणी होती असे सांगतात. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडले. पेशीच्या श्वसनात लागणारे हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यातून पुढे आले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा!

या एकाच हकिगतीत मोठ्या शास्त्रज्ञांचे दोन नमुने दिसतात. एकाने नाव पाहून दार लावून घेतले, तर दुसऱ्याने स्वतःचे झोपायचे टेबल दिले. दोघेही आपापल्या विषयात थोर होते. आपल्या मुलांना हे दोन्ही नमुने भेटणार आहेत. मोठा माणूस म्हटला की तो प्रत्येक बाबतीत बरोबरच असतो, असे आपण त्यांना शिकवू नये. आणि एका थोर माणसाने नाही म्हटले म्हणून आपल्यात काही कमी आहे, असेही त्यांना वाटू देऊ नये.

बाटल्यांचे महत्त्व

जूनमध्ये मुलगी लॅबमध्ये जाऊ लागली. पहिले दोन आठवडे खरोखरच धुणे, पुसणे, चिकटपट्टीवर तारीख आणि नाव लिहून बाटल्यांना डकवणे, आणि दुसऱ्याचे काम पाहत उभे राहणे. घरी रोज विचारणा होई, "आज काय शिकवलं?" ती सांगे, "आज हात धुवायला शिकवलं." वडिलांना वाटे, पोरगी थट्टा करते आहे.

ती थट्टा नव्हती. गाणे शिकायला बसलेल्या शिष्याला जुने गवई महिनोन् महिने तंबोराच लावायला सांगत. सुरात लावलेला तंबोरा ऐकून ऐकून कान तयार झाला की मग चीज. प्रयोगशाळेचेही असेच काहीसे आहे. शास्त्रज्ञांचीही घराणी असतात आणि घराण्याची बरीचशी विद्या पुस्तकात नसते. ती गुरूच्या शेजारी उभे राहून डोळ्यांनी आणि हातांनी उचलावी लागते.

याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७. हुजूरपागेच्या आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. वडील फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवत. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. खानोलकर हे आपल्या देशातल्या विकृतिशास्त्राचे पितामह. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्हींवर त्यांचे मोठे काम आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत माणसाच्या पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, हे गे यांचे काम. याला टिश्यू कल्चर म्हणतात. ऐकायला सोपे वाटते, पण हवेतला एक जंतू किंवा बुरशीचा एक कण आत गेला की सगळे फुकट. गे आपली उपकरणे स्वतः जोडत, भंगारातूनही सामान आणत. त्यांच्या पत्नी मार्गारेट मुळात शस्त्रक्रियागृहातल्या प्रशिक्षित परिचारिका. निर्जंतुकीकरणाची सगळी शिस्त त्यांनी त्या प्रयोगशाळेत आणली, आणि काचसामान कसे धुवायचे यावर त्यांचा सर्वांत जास्त कटाक्ष असे. आपल्या मंडळातल्या नर्स भगिनींनी हे मुद्दाम वाचावे. जगप्रसिद्ध प्रयोगशाळेचा पाया एका नर्सच्या स्वच्छतेवर उभा होता.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या आणि पुढे वाढतच राहिल्या. हीला पेशी म्हणून त्या जगभर पोचल्या. पोलिओच्या लशीपासून कितीतरी गोष्टींना त्यांचा उपयोग झाला. मात्र त्या पेशी घेताना त्या बाईंना कुणी विचारले नव्हते, आणि त्यांच्या कुटुंबाला हे कळायला वीसहून अधिक वर्षे लागली. आज हॉस्पिटलात रक्ताचा नमुना संशोधनासाठी देताना आपल्यापुढे संमतीचा कागद ठेवतात आणि कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी तो समजावून सांगते. असे दुखावलेले अनुभव त्या कागदामागे आहेत. घराण्यातले चांगले घ्यायचे आणि चुकलेले सुधारायचे, हेही शिक्षणाचाच भाग आहे.

कमलताई अमेरिकेत राहू शकल्या असत्या. त्या परत आल्या. खानोलकरांनी १९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू केले होते. तिथे कमलताईंनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. बाल्टिमोरला हातात बसलेली विद्या त्यांनी मुंबईच्या मुलामुलींच्या हातात दिली. कर्करोगाबरोबर त्यांनी गुरूंचा दुसरा विषयही सोडला नाही. कुष्ठरोगाच्या लशीच्या शोधात त्यांचा वाटा आहे. १९७३ साली त्यांनी काही सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

फसलेल्या प्रयोगाची तारीख

सहाव्या आठवड्यात आमच्या या मुलीच्या पेशींना बुरशी लागली. पाच आठवड्यांचे काम एका सकाळी कचऱ्यात गेले. ती घरी येऊन रडली. आईने जवळ घेतले. वडील मात्र बोलून गेले, "तरी मी म्हणत होतो." त्या एका वाक्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. वडिलांनी हे आम्हाला स्वतः सांगितले आणि लिहायलाही सांगितले, म्हणून लिहीत आहोत.

दुसऱ्या दिवशी तिच्या प्राध्यापक बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. वही काढायला लावली आणि म्हणाल्या, काय झाले ते लिही. तारीख घाल. काल कोणती बाटली उघडली, किती वाजता, कुणाच्या आधी, सगळे. कालचे पान फाडायचे नाही. आजपासून सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी याच पानाचा उपयोग होईल.

हे ऐकून आम्ही डब्लिनचीच एक गोष्ट शोधून काढली. ती आपल्या महाराष्ट्रापर्यंत जाते, म्हणून जरा सविस्तर देतो.

विन्सेंट बॅरी हे कॉर्कचे. जन्म १९०८. गॉलवेच्या कॉलेजात प्राध्यापक थॉमस डिलन यांच्या हाताखाली त्यांनी समुद्रशेवाळातल्या शर्करांचे रसायनशास्त्र शिकून घेतले. त्या काळात आयर्लंडमध्ये क्षयाने दर वर्षी हजारो माणसे मरत. घरोघरी कुणी ना कुणी गेलेले असे. बॅरींनी क्षयावर औषध शोधायचे ठरवले. ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात मेडिकल रिसर्च कौन्सिलची प्रयोगशाळा होती. तिथे त्यांनी आपला चमू जमवला. कॉनाल्टी, बेल्टन, ओ'सुलिव्हन, टुमी, विंडर, डेनेनी, एडवर्ड अशी ती मंडळी. त्यांत स्त्रियाही होत्या. शोधाची वाट सुरू झाली दगडफुलापासून! आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीपासून त्यांनी एक द्रव्य वेगळे केले. त्यात फेरफार करत, एकामागून एक शेकडो रसायने बनवत आणि पारखत ते १९५४ च्या सुमारास एका लालसर द्रव्यापाशी आले. त्याचे नाव बी ६६३. उंदरांमध्ये त्याने क्षयाच्या जंतूंना चांगलेच रोखले. १९५७ मध्ये या सर्वांच्या नावे 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध झाला.

आणि मग ते फसले. इतर प्राण्यांत उंदरांसारखा गुण येईना. एव्हाना क्षयावर दुसरी चांगली औषधेही हाती आली होती. कुणीही म्हटले असते, तरी मी म्हणत होतो! पण नोंदी होत्या, औषध होते, आणि ते सोडून न देणारी माणसे होती. क्षयाचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू हे एकाच कुळातले. तेव्हा तिथे करून पाहू, असा विचार पुढे आला. १९६२ मध्ये नायजेरियात डॉ. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते कुष्ठरुग्णांना दिले, आणि गुण आला. त्याचे नाव पुढे क्लोफॅझिमिन पडले.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यात तीन औषधे आहेत: डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि हे डब्लिनचे क्लोफॅझिमिन. त्याआधी एकटे डॅप्सोन वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर घ्यावे लागे आणि जंतू त्याला दाद देईनासे झाले होते. आता ठरावीक महिन्यांत रोगी बरा होऊ लागला. जगभर दीड कोटीहून जास्त माणसे या उपचाराने बरी झाली आहेत.

आपल्यापैकी जे विदर्भातले आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वर्ध्याचे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, अमरावतीचे तपोवन, वरोड्याजवळचे बाबा आमट्यांचे आनंदवन. या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत, घरचे लोक नाव टाकत. देशात बहुविध उपचार जिथे सर्वांत आधी सुरू झाले त्यांत वर्धा जिल्हा होता. त्या गोळ्यांच्या पाकिटात तांबूस रंगाची जी गोळी असे, जिने रुग्णाची कातडी काही काळ काळपट-तांबूस होई, ती इथली. ट्रिनिटीच्या आवारातून, आपल्या बसच्या रस्त्यावरून, ती वर्ध्याच्या खेड्यात पोचली होती. आम्ही इतकी वर्षे डब्लिनमध्ये आहोत, आम्हाला हे ठाऊक नव्हते.

गोष्ट इथेही संपत नाही. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय आता जगभर डोके वर काढतो आहे, मुंबईतही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षयाच्या औषधांची नवी यादी केली तेव्हा क्लोफॅझिमिनला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. ज्या रोगासाठी ते शोधले होते तिथे ते साठ वर्षांनी परत आले. बॅरी १९७५ मध्येच गेले होते. त्यांच्या चमूतल्या तरुणांनी त्या फसलेल्या पानांवर तारीख घातली नसती तर हे काहीच झाले नसते.

आपल्या दाराशी

आता पुन्हा ब्युमॉन्टकडे येऊ. इथेही अशी घराणी नांदत आहेत. एकच उदाहरण देतो. इथल्या मेंदुविकारतज्ज्ञ आणि ट्रिनिटीच्या प्राध्यापक ओर्ला हार्डीमन यांनी मोटर न्यूरॉन या आजाराच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही १९९० च्या दशकात सुरू केली. या आजारात हातापायांचे, बोलण्याचे, गिळण्याचे स्नायू हळूहळू निकामी होतात. देशभरातला एकेक रुग्ण त्या वहीत लिहिला जातो. हा आजार कुणाला होतो, घराण्यात किती उतरतो, कोणत्या उपचाराने आयुष्य थोडे वाढते, हे त्या नोंदींतून कळत गेले. पिढ्यान् पिढ्या तरुण डॉक्टर आणि संशोधक येतात, काही वर्षे त्या कामात राहतात, आणि शिकून पुढे जातात. वही चालूच राहते. दिसायला हे कारकुनी काम वाटते. पण बाटल्या धुण्याइतकेच ते मुळाचे आहे.

मग आपल्या मुलांना या वाटेने जायचे असेल तर आईवडिलांनी काय करावे? आम्हाला जे उमगले ते थोडक्यात देतो.

पहिले, लवकर डोकावू द्यावे. ट्रान्झिशन इयरला कामाच्या अनुभवासाठी मुलांना मोकळा वेळ असतो. त्या वयाच्या मुलांसाठी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने मिनीमेड नावाचा उपक्रम चालवला आहे. शाळेत चौकशी करावी. दर जानेवारीत डब्लिनला शाळकरी मुलांचे यंग सायंटिस्ट प्रदर्शन भरते, तेही सहकुटुंब पाहावे. १९६५ च्या पहिल्या प्रदर्शनात पहिला आलेला जॉन मोनाहन अन्नपचनावरचा प्रयोग घेऊन आला होता. पुढे त्याने जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढली.

दुसरे, पत्र मुलानेच लिहावे. ओळखीच्या डॉक्टरकाकांकडून शब्द टाकून मिळवलेली जागा फार काळ टिकत नाही, असे आम्हाला दोन-तीन जाणत्यांनी सांगितले. त्या प्राध्यापकाचे काम आधी थोडे वाचावे, आपल्याला त्यातले काय आवडले ते दोन ओळींत लिहावे, आणि उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी नम्रपणे पुन्हा विचारावे.

तिसरे, मार्गदर्शक पारखून घ्यावा. त्याचे नाव किती मोठे यापेक्षा त्याचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, त्याच्याविषयी काय बोलतात, आणि तो त्यांच्या नावांना निबंधात जागा देतो का, हे विचारावे. वाईट वागणूक मिळाली तर "गुरू आहेत, सोसावे" असे मुलांना सांगू नये. कमलाबाईंनी सोसले, पण ते बरोबर होते असे त्या कधी म्हणाल्या नाहीत.

चौथे पैशाचे. हे आपल्यात कुणी उघड बोलत नाही, पण मनात सगळ्यांच्या असते. पीएच.डी.ला साधारण चार वर्षे. रिसर्च आयर्लंडची शिष्यवृत्ती २०२५ पासून वर्षाला २५ हजार युरो आहे. डब्लिनची घरभाडी पाहता त्यात चैन होत नाही. मुलगा किंवा मुलगी घरी राहणार असेल तर निभते. त्याच वयात मित्रमंडळी दुप्पट कमावताना दिसतील, आणि लग्नकार्यात नातेवाईक विचारतील, "अजून शिकतोच आहे का?" याला काय उत्तर द्यायचे ते आईवडिलांनी आधीच ठरवून ठेवावे. मुलाला एकट्याला द्यायला लावू नये.

आणि मेडिसिन? त्याला आमचा मुळीच विरोध नाही. डॉक्टर झालेल्यांनाही संशोधन करता येते, खानोलकर डॉक्टरच होते. फक्त एक दार सोडून बाकीची दारे म्हणजे नापास झालेल्यांसाठी आहेत, असे आपण मुलांसमोर बोलू नये. आम्ही बोललो होतो.

मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. उरलेल्या दोन आठवड्यांत तिने पेशी पुन्हा लावल्या. मोजण्यासारखे फारसे काही हाती आले नाही. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर दहा मिनिटे आपले काम सांगितले; त्यातली चार मिनिटे बुरशीवर होती. तिने ज्या बाटलीवर संशय घेतला होता ती बाटली दुसऱ्या एका विद्यार्थ्यानेही वापरली होती, आणि तिची नोंद वाचून त्याने आपले काम वेळीच वाचवले. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पीएच.डी. करायची म्हणते. वडील अजून "बघू" म्हणतात. पण परवा दुकानात भेटले तेव्हा त्यांनीच आम्हाला क्लोफॅझिमिनचा उच्चार दोनदा करून दाखवला. मुलीने घरी पाठ करून घेतला होता.

मंडळाने ठरवले आहे की पुढच्या महिन्याच्या सभेत तासभर या विषयाला द्यायचा. आपल्यातले जे हॉस्पिटलात, कॉलेजात किंवा औषध कंपनीत प्रयोगशाळेचे काम करतात, त्यांनी येऊन मुलांशी साध्या मराठीत बोलावे. भाषण नको, आपला कोणता प्रयोग फसला आणि त्या वेळी शेजारी कोण येऊन बसले, एवढे सांगितले तरी पुष्कळ. नावे संपादकांकडे द्यावीत. मुलांनी प्रश्न लिहून आणावेत. चहा आणि चिवडा मंडळाकडून. कप मात्र सर्वांनी मिळून धुवायचे आहेत, आणि या वेळी सुरुवात आम्ही करणार आहोत.